लॉन दरवर्षी गणपतीनंतरच का वाळतं? हुमणीचा माग जूनपासून

दरवर्षी तेच. पावसाळाभर लॉन हिरवंगार, आणि गौरी-गणपती उरकले की एखाद्या कोपऱ्यात फिकट पिवळा चट्टा. आठवड्याभरात तो सुपाएवढा होतो, पितृपक्ष संपेपर्यंत घोंगडीएवढा. पाणी वाढवलं तरी फरक नाही. युरिया टाकला तर तिथलं गवत आणखीच करपतं. मग दिवाळीआधी माळ्याला बोलावून नवे तुकडे बसवायचे. ते हिवाळा-उन्हाळा छान राहतात आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा तिथेच, नाहीतर त्याच्या शेजारी, पिवळं पडायला सुरुवात.

आमच्या घरापुढे कऱ्हाडला साधारण सहाशे चौरस फुटांचं लॉन आहे आणि मी हा फेरा तीन वर्षं काढला. पहिल्या वर्षी पाणी कमी पडलं म्हणून, दुसऱ्या वर्षी बुरशी म्हणून औषध मारलं. तिसऱ्या वर्षी शेजारच्या कुत्र्यावर संशय घेतला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. उसाची शेती असलेले माझे मामा सणाला आले होते. त्यांनी चपलेच्या टोकानं तो चट्टा जरा उचकटला आणि अख्खं गवत सतरंजीसारखं गुंडाळत वर आलं. खाली पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या अळ्या पडल्या होत्या.

"अगं, ही हुमणी हाय की! उसात असती तीच. आन् तू पाणी कसलं मारतीस? मूळच न्हाई, तर पाणी पिणार कोण?"

तुमच्याकडेही सलग दोन वर्षं असंच झालं असेल, तर खतपाण्याचा विचार थोडा बाजूला ठेवा. आधी गवत ओढून बघा.

आधी खात्री करा

चट्ट्याच्या अगदी मधोमध बघू नका, तिथलं खाऊन संपलेलं असतं. पिवळं आणि हिरवं जिथे मिळतं त्या काठावर मूठभर गवत धरा आणि ओढा. निरोगी गवत तुटेल पण सुटणार नाही. हुमणीनं मुळं कुरतडली असतील तर पुंजका अलगद हातात येतो आणि खाली मुळांऐवजी भुसभुशीत माती दिसते. अशा जागेवर चालतानाही पायाखाली गादीसारखं दबतं.

मग खुरप्यानं एक फूट बाय एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापा, चौथ्या बाजूवर पुस्तकाच्या पानासारखा उलटा, आणि तीन-चार इंच माती हातानं चाळा. अळ्या मोजा. असे तीन-चार चौकोन वेगवेगळ्या जागी काढा, मग तुकडा परत बसवून दाबून पाणी घाला, तो जगतो. एका फुटात एखाददुसरी अळी निघाली तर घाबरायचं कारण नाही, चांगलं मुरलेलं लॉन तेवढं सहन करतं. पाच-सहाच्या वर निघाल्या तर हातपाय हलवायलाच हवेत. त्या वर्षी माझ्या सगळ्यात वाईट चौकोनात अकरा निघाल्या होत्या.

मातीत सापडलेली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते, हे मात्र नीट लक्षात घ्या. शेणखतात, कंपोस्टात अशाच दिसणाऱ्या अळ्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच कुजकं खाऊन खत करतात. ओळखायची एक सोपी रीत आहे. अळी सपाट फरशीवर ठेवा. ती उताणी होऊन पाठीवर सरपटत चालायला लागली, तर ती फुलांवर बसणाऱ्या चमकदार भुंग्यांच्या कुळातली आहे. तिला परत खतात सोडा. हुमणी कुशीवर वाकडी पडून राहते आणि पायांवर कशीबशी सरकते. तिचं डोकं तपकिरी, पुढे सहा पाय, आणि शेपटाकडच्या भागात पोटातली माती कातडीतून काळसर दिसते. खताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढी जाड अळी सापडली तर ती बहुधा गेंड्या भुंग्याची. ती लॉन खात नाही, पण दारात नारळ असेल तर तिला ठेवू नका, कारण तिचा भुंगा नारळाचा कोवळा शेंडा पोखरतो.

आणि गवत ओढूनही सुटत नसेल तर? मग कारण दुसरं आहे. कुत्र्याच्या लघवीचा डाग गोल, मधे करपलेला आणि कडेनं उलट गडद हिरवा असतो. बुरशी असेल तर पहाटेच्या दवात पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात, पात्यांवर ठिपके असतात, मुळं मात्र घट्ट. नुसतं पाणी कमी पडत असेल तर त्या जागी पेचकसही मातीत शिरत नाही.

पाती रात्रीतून कातरल्यासारखी खाल्लेली दिसली आणि मुळाशी हिरवट बारीक लेंड्या असल्या, तर ते काम पानं खाणाऱ्या अळ्यांचं, लष्करी अळीचं किंवा तिच्या भाऊबंदांचं. त्या दिवसा गवताच्या बुडाशी लपतात. चार लिटर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचा पातळ साबण मिसळून ते झारीनं चौरस मीटरभर जागेवर ओता. आत अळ्या असतील तर दहा मिनिटांत वर येऊन वळवळायला लागतात, तेव्हा वेचून काढा. हुमणी मात्र या पाण्यानं वर येत नाही, त्यामुळे साबणाच्या चाचणीत काही निघालं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. पानं खाणारी अळी दिसायला भयंकर असली तरी मूळ शाबूत असतं, त्यामुळे गवत पंधरा दिवसांत परत फुटतं.

उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर मातीचा पातळ पापुद्रा चढला असेल तर वाळवी. ती मुख्यतः मेलेलं, सुकलेलं गवत खाते. कापलेलं गवत उचलून टाकलं आणि पाण्याचा ताण काढला की बहुतेक वेळा काम भागतं. जमिनीलगत बोटाएवढे उंचवटे पळत गेलेले दिसले तर पुढचे पाय फावड्यासारखे असलेला मातीतला रातकिडा असू शकतो. त्याच्यावर साबणाचं पाणी चालतं, तो धडपडत वर येतो. गांडुळांच्या मातीच्या गोळ्यांना कीड समजून औषध मारणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

आणखी एक खूण पक्ष्यांची. एरवी अंगणात उड्या मारून जाणाऱ्या साळुंक्या एकाच जागी मुक्काम ठोकून टोचायला लागल्या, हुदहुद लांब चोच खुपसत फिरायला लागला, किंवा रात्रीतून घुशीनं नाहीतर कुत्र्यानं तीच जागा उकरली, तर खाली खाणं आहे असं समजा. चट्टा दिसायच्या आधी आठ-दहा दिवस ही खूण मिळते.

ती परत परत का येते

हुमणीचं एक आयुष्य बरोबर एका वर्षाचं असतं, आणि ते आपल्या पावसाला बांधलेलं असतं. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडून जमीन भिजली, म्हणजे साधारण मे अखेर ते जून, रोहिणी-मृगाच्या सुमारास, की जमिनीत दडून बसलेले तपकिरी भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच पूर्ण वाढलेले किडे, संध्याकाळी अंधार पडता पडता बाहेर येतात. आपल्याकडे सर्रास आढळणारी होलोट्रिकिया जातीची हुमणी असेल, तर हे भुंगेरे थेट कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जातात, पाला खातात, तिथेच त्यांचं मिलन होतं. पहाटे ते परत जमिनीत शिरतात आणि माद्या मऊ, ओल्या मातीत अंडी घालतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालू शकते.

अंडी दोनेक आठवड्यांत उबतात. पहिल्या अवस्थेतली पिल्लं तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, ती कुजकं आणि बारीक तंतुमुळं खातात. त्यांचं नुकसान दिसतच नाही, कारण वरून पाऊस पडत असतो आणि अर्ध्या मुळांवरही गवत हिरवं राहतं. कात टाकून टाकून ती मोठी होतात आणि ऑगस्टच्या मध्यापासून, मघा-पूर्वाच्या पुढे, तिसऱ्या अवस्थेत करंगळीएवढी होऊन खऱ्या अर्थानं मुळं फस्त करतात. नेमकी त्याच वेळी पावसाची उघडीप होते, ऊन तापतं, आणि मुळं नसलेलं गवत दोन दिवसांत पिवळं पडतं. म्हणून आपल्याला वाटतं की रोग गणपतीत आला. तो आला होता मृगात.

दिवाळीच्या आसपास अळ्या खाणं थांबवून खोल जातात, कोष करतात. त्यातून भुंगेरे तयार होतात, पण ते बाहेर न येता पुढच्या वळवापर्यंत जमिनीतच बसून राहतात. आपण दिवाळीला नवे तुकडे बसवतो तेव्हा खायला कोणी जागंच नसतं, म्हणून ते तुकडे छान लागतात आणि आपला उपाय चालला असं वाटतं. मी सलग दोन वर्षं याच समजात होते.

नदीकाठच्या मळीच्या जमिनीत, कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात, लुकोफोलिस जातीची हुमणी असते. तिचे भुंगेरे कडुनिंबावर जमून पाला खाताना दिसत नाहीत, संध्याकाळी थोडाच वेळ उडतात. तुमचं घर अशा भागात असेल आणि झाडावर काहीच सापडलं नाही, तर तेवढ्यावरून हुमणी नाही असं ठरवू नका. जुलै-ऑगस्टमधे चौकोन उकरून बघणं तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं.

कडुनिंबाखालचे आठ दिवस

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फायदा ज्या कामानं झाला, त्याला एका पैशाचंही औषध लागत नाही. पहिला मोठा पाऊस झाला की त्या संध्याकाळपासून आठ-दहा दिवस, सव्वासात-साडेसातच्या पुढे, घराजवळच्या कडुनिंबाखाली जुनी चादर पसरायची, आकडीनं फांद्या जोरात हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे वेचून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. पूर्वी रॉकेल घालायचे. आता रॉकेल सहज मिळत नाही आणि साबणानंही ते बुडतात. अंडी घालण्याआधी एक मादी बादलीत गेली की पुढच्या पन्नास अळ्यांचा प्रश्न मिटला.

झाडावर भुंगेरे आहेत का, हे सकाळी कळतं. झाडाखाली कातरलेल्या पाल्याचे तुकडे आणि विष्ठेचे काळसर कण पडलेले असले की आहेत.

हे एकट्यानं करून अर्धाच उपयोग होतो, कारण भुंगेरे कुंपण बघत नाहीत. आमच्या गल्लीत तीन कडुनिंब आहेत. दुसऱ्या वर्षी मी शेजारच्या वहिनींना आणि समोरच्या काकांना बादलीतला ऐवज नेऊन दाखवला, तेव्हापासून पहिल्या पावसाच्या संध्याकाळी मुलं स्वतःहून आकड्या घेऊन बाहेर येतात. मुलांना या कामाचा कंटाळा येत नाही.

दिव्याचा सापळाही चालतो. बल्बखाली पाण्याचं घमेलं ठेवायचं, एवढंच. पण तो लॉनमधे लावू नका. दिव्याकडे आलेल्या सगळ्याच माद्या घमेल्यात पडत नाहीत, उरलेल्या तुमच्याच गवतात उतरतात. सापळा लॉनपासून लांब, गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत लावा, आणि त्या दहा दिवसांत अंगणातला पांढरा दिवा साडेसात ते नऊ बंद ठेवा.

याच दिवसांत आणखी एक चूक घडते. मृगाचा पाऊस होऊन मधे ताण पडला की आपण काळजीनं लॉनला भरपूर पाणी देतो. आजूबाजूची जमीन सुकलेली आणि आपलंच अंगण ओलं, म्हणजे अंडी घालायला तीच जागा सगळ्यात सोयीची. त्या काळात गवत थोडं मलूल झालं तरी चालेल, तग धरण्यापुरतंच पाणी द्या.

जुलै-ऑगस्ट: अळी लहान असतानाच

औषध, मग ते कुठलंही असो, लहान अळीवर चालतं. सप्टेंबरच्या करंगळीएवढ्या अळीवर फारसं चालत नाही.

मी मेटारायझियम ही बुरशी वापरते. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांत आणि जैविक निविष्ठा विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. पुण्याजवळच्या मांजरी गावातली वसंतदादा साखर संस्थाही अशी जैविक कीडनाशकं तयार करते. शेतात ती हेक्टरी १० ते २० किलो वापरतात, म्हणजे चौरस मीटरला १ ते २ ग्रॅम. माझं सहाशे फुटांचं लॉन म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर, त्याला १०० ग्रॅम पुरते. दोन घमेली पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत घेऊन त्यात ती मिसळते, सावलीत आठवडाभर ओलसर ठेवते. मग लॉनला बागेच्या काट्यानं वीतभर अंतरावर भोकं पाडून, ढगाळ संध्याकाळी ते खत पसरून झाडूनं भोकांत ढकलते. भोकं पाडायचा आळस करू नका. बुरशी वर राहिली तर उन्हानं मरते, आणि अळी आहे खाली. बुरशीनं मेलेल्या अळीवर आधी पांढरी लव येते, मग ती हिरवट भुकटीनं माखते. अशी अळी सापडली तर मातीतच राहू द्या, ती पुढच्या अळ्यांना रोग देते.

दुसरा पर्याय कीड मारणाऱ्या सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा, हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हे त्याचं नाव. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोनं त्याची भुकटी विकसित केलेली आहे आणि आता ती अनेक ठिकाणी मिळते. हे जिवंत प्राणी आहेत, तेव्हा पाकिटावरची तारीख बघा, गाडीत उन्हात ठेवू नका, आणि सोडायच्या आधी आणि नंतर माती ओली ठेवा. झारीनं सोडलं तर उत्तम. पंपानं सोडायचं तर नोझलची बारीक जाळी काढून टाका, नाहीतर ते त्यात अडकतात. त्यांनी मारलेली अळी विटेसारखी लालसर होते. चार-पाच दिवसांनी उकरून अशा लाल अळ्या दिसल्या की उपाय लागू पडला असं समजायचं. पहिल्यांदा तशी अळी हाती लागली तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली होती.

मेटारायझियम टाकलंत तर त्या दिवसांत लॉनवर बुरशीनाशक मारू नका, दोन्ही पैसे वाया जातील.

निंबोळी पेंड मीही टाकते, माती सुधारते म्हणून. पण नुसत्या पेंडीवर विसंबू नका. या किडीचा भुंगेरा कडुनिंबाचा पाला आवडीनं खातो, हे डोळ्यांनी बघितल्यावर माझा तरी त्या एकट्या उपायावर विश्वास उरला नाही.

विषारी दाण्यांबद्दल

"मॅडम, दाणे टाकतो, आठ दिवसांत साफ" असं सांगणारे माळी अजून भेटतात. उग्र वासाचे ते दाणे बहुतेक वेळा फोरेटचे असतात. फोरेटवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ते अत्यंत जहाल विष आहे. लॉनवर मुलं अनवाणी खेळतात, मांजर लोळते, साळुंकी तिथलीच अळी उचलून पिल्लाला भरवते. कुणाकडे जुनं पाकीट पडून असेल तरी ते घरात येऊ देऊ नका.

परवानगी असलेली रसायनं आहेत, पण त्यातली बरीचशी ऊस, भुईमूग अशा पिकांसाठी नोंदवलेली आहेत. घरच्या हिरवळीचा त्यांच्या लेबलवर उल्लेखही नसतो. फारच गळ्याशी आलं तर कृषी अधिकाऱ्यांना विचारून, फक्त बाधित जागेपुरतं, अळी लहान असताना, जोराचा पाऊस नसलेल्या दिवशी वापरा. गवतात रानफुलं उमलली असतील तर आधी ती कापा, नाहीतर मधमाश्या मरतात. आणि लॉनवर सकाळच्या उन्हात जमिनीलगत घिरट्या घालणाऱ्या केसाळ गांधीलमाश्या दिसल्या तर त्यांना हाकलू नका. त्यातल्या काही जाती जमिनीत शिरून हुमणीच्या अंगावर अंडं घालतात आणि त्यांचं पिल्लू हुमणी खाऊनच वाढतं.

हे वाचताना चट्टा पडलेलाच असेल तर

मग या वर्षी औषधाच्या मागे लागू नका. सुटलेलं गवत गुंडाळून काढा, खालची चार-पाच इंच माती उकरून अळ्या हातानं वेचा, कोंबड्या असतील तर तासभर सोडा, नसतील तर उकरलेली जागा दोन दिवस तशीच उघडी ठेवा. साळुंक्या आणि भारद्वाज बाकीचं काम करतात. चट्ट्याच्या काठाबाहेर फूटभर हिरव्या गवताखालीही बघा, खाणाऱ्या अळ्या तिथे सरकलेल्या असतात. काठावरचं अर्धमेलं गवत जगवायचं असेल तर थोडं थोडं पाणी रोज द्या, उरलेल्या तोकड्या मुळांना तेवढंच पेलतं. गवत दोन इंचांपेक्षा खाली कापू नका.

नवे तुकडे आणाल तेव्हा नर्सरीतच प्रत्येक तुकडा उलटून बघा. माझ्या पहिल्या वर्षीच्या तुकड्यांबरोबरच अळ्या आल्या असाव्यात अशी मला दाट शंका आहे, कारण घराच्या मागच्या जुन्या हराळीत तेव्हा एकही नव्हती. शेणखतही तसंच. अर्धवट कुजलेलं, उबदार खत लॉनवर कधीच पसरू नका. उन्हात पातळ पसरून, चाळून, हातानं मोडून मगच वापरा.

तुकडे बसवून झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा करून ठेवा: मेच्या शेवटच्या आठवड्यात आकडी आणि चादर, जुलैच्या मध्यावर मेटारायझियम, आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आलात की खुरपं घेऊन चार चौकोन. गेल्या ऑगस्टला माझ्या चार चौकोनांत मिळून तीन अळ्या निघाल्या, त्यातली एक लाल होती.